उन्हाळीचा पाला

डिसेंबर लागला आणि डोंगरात पावसाची एखादी सर पडून गेली, की शारजातल्या लोकांच्या अंगात येतं. आठ-नऊ महिने एसी लावून, पडदे ओढून बसलेली माणसं गाडीत शेगडी, कोळसा, मसाला लावलेलं चिकन, चटया आणि पोरं कोंबतात आणि निघतात. कुठे, तर वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीत, पाणी आलंय ते बघायला. जसं काही जन्मात पाणी बघितलंच नाही! मी दरवर्षी पाठ दुखते सांगून सुटतो. यंदा माझ्या मुलापुढे, नासिरपुढे, काही चाललं नाही. "अब्बा, वेदर फर्स्ट क्लास आहे, घरात बसून काय करणार? चला, यल्ला!" इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तीस मेकॅनिकांवर ओरडायची सवय त्याला, बापावरही त्याच आवाजात ओरडतो. गेलो मुकाट.

जागा त्याच्या फोनने शोधली होती, मी नाही. पण शेवटचं वळण आलं आणि मी ती ओळखली. खडकाला टेकून उभं असलेलं बोरीचं झाड तेच. पुढे तळं. तळ्याच्या तोंडाशी कमरेएवढी दगडी भिंत, आता अर्धी पडलेली. उरलेल्या अर्ध्या भिंतीवर कुठल्यातरी कुटुंबाने शेगडी मांडली होती आणि कबाब भाजत होते.

माझी नात, झारा, बूट काढून पाण्यात पाय सोडून बसली. क्षणात बोटाएवढे राखाडी मासे आले आणि तिच्या टाचांना लागले. ती किंचाळली. "दादा, इट टिकल्स! दे आर किसिंग माय फीट!"

"पापी बिपी काही नाही," मी म्हटलं, "मेलेली कातडी खातायत."

"दादा, यू आर सो मीन," ती म्हणाली. खरंच आहे ते. पोरांना कळतं.

मी काठाकाठाने थोडा पुढे गेलो. गोट्यांच्या फटींतून गुडघ्याएवढी झुडपं आली होती. चंदेरी लव असलेली पानं, जांभळट गुलाबी फुलं, चपट्या बारीक शेंगा. मी चार पानं तोडून तळहातावर चोळली आणि हात नाकाशी नेला. मग तो हात रुमालाने पुसला, परत पुसला, गाडीत जाऊन नासिरच्या त्या ओल्या वासाच्या टिश्यूने पुसला. सून म्हणाली, "अब्बा, काही चावलं का?" नाही म्हटलं. एवढ्या वर्षांनी चावत असेल तर काय सांगणार तिला.

ही झाडं मी पहिल्यांदा इथे बघितली तेव्हा मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. तेव्हा अमिरात हे नावसुद्धा नव्हतं. साठ सालानंतरची चार-पाच वर्षं गेलेली असतील. मी रत्नागिरीच्या खाडीवरचा दालदी, म्हणजे मासेमार मुसलमानांचा पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा. मुंबईहून बोटीने दुबईला उतरलो आणि डोंगरात पाणी शोधणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पवर मेस सांभाळायला लागलो. कॅम्प म्हणजे सहा तंबू, एक जनरेटर, दोन लँडरोव्हर आणि एक साहेब. खाली खजुरांच्या मधे वीस-पंचवीस घरांचं गाव. गावाचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांच्या तोंडी माझं नाव यावं एवढी माझी हिंमत नाही.

वाळूच्या मुलखात, उघड्या खडकावर, मला माझ्या आजोळचं झाड भेटलं. उन्हाळी! आपल्याकडे बांधाबांधावर असते ती. थोडी वेगळी, पानं जास्त चंदेरी, पण जात तीच. आजोळ नदीवर होतं. होळीनंतर नदी आटायची, कोंडीत पाणी साठून राहायचं, तेव्हा माझे मामू आणि सगळी वाडी उन्हाळीचे भारे आणायची. दगडावर ठेचायची, टोपलीत भरून टोपली पाण्यात घुसळायची. घटकाभराने मासे झिंगत वर यायचे. मळ्ये, खवलं, एखादी वाम. बाया ओटी पसरून गोळा करायच्या, आम्ही पोरं नागडी पाण्यात. संध्याकाळी वाडीभर एकच वास. ते पाणी गुरं प्यायची, आम्ही प्यायचो, कुणाला काही झालं नाही. पाला माशाला लागतो, माणसाला लागत नाही, एवढंच मला माहीत होतं. त्यालाच मी ज्ञान समजत होतो.

साहेब उंच, लालबुंद, मितभाषी. वाईट नव्हता तो, हेच तर वाईट. आजाऱ्याला औषध द्यायचा, ईदला बकरा द्यायचा. त्याच्या मुलखात थंड नद्या होत्या आणि नद्यांत सॅमन. आमचा गोव्याचा कुक म्हणायचा, सॅमन म्हणजे आपला रावसच रे. मी म्हणायचो, रावस खाऱ्या पाण्याचा राजा, तो डोंगरात कशाला मरायला येतोय? साहेबाच्या डोक्यात मात्र ते तळं भरलं होतं. खोल, सावलीतलं, हिवाळ्यात हाताला कळ लागेल असं गार पाणी. इथे सॅमन वाढवून दाखवायचा, हे त्याने घेतलं मनावर. किनाऱ्यावरच्या शेखची परवानगी आणली, तोंडाशी भिंत बांधून पाणी चढवलं, विलायतेला पत्रं लिहिली. पिल्लं विमानाने शारजाला येणार, तिथून बर्फात घालून इथे. गावकऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं अबू समक, माशांचा बाप. हसायचे. पाणी चढलं म्हणून खूशही होते.

त्या तळ्यातून गावाचा पाट निघायचा. पाटाला ते फलज म्हणतात आणि पाट सांभाळणाऱ्याला अरीफ. अरीफ होता उबैद. चाळिशीचा, किडकिडीत, एका डोळ्यात फूल पडलेलं. कुणाच्या बागेत किती वेळ पाणी, हे तो सावली मोजून ठरवायचा आणि त्याच्या शब्दावर गाव चालायचं. त्याचा बाप अरीफ, आजा अरीफ. मुंबईला खजूर घेऊन दोनदा जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. म्हणून माझी त्याची जमली. त्याच्या घरी मी कितीदा जेवलो त्याला गणती नाही. खुबूसची रोटी, शेळीचं दूध, खजूर. मी पहिल्यांदा सांगितलं की आमच्याकडे सुकी मासळी माणसं खातात, उंटाला घालत नाहीत, तर त्याची मुलगी मोझा अर्धा दिवस हसत होती. सहा-सात वर्षांची असेल.

रोज सकाळी फजरच्या नमाजानंतर बापलेक तळ्यावर यायचे. मोझाच्या मुठीत एक खजूर. ती तो कुस्करून पाण्यात टाकायची. हेच बोटाएवढे राखाडी मासे झुंडीने यायचे. ते आले, खाल्लं, की उबैद ओंजळभर पाणी स्वतः प्यायचा, बिस्मिल्ला म्हणायचा आणि पाटाच्या तोंडातला दगड काढायचा. रोज. एकदाही चुकलं नाही. मी विचारलं, हा काय प्रकार? तो म्हणाला, "माझ्या आज्याच्या वेळी भांडणात कुणीतरी पाण्यात विष टाकलं होतं. नऊ माणसं गेली. तेव्हापासून आधी मासा, मग अरीफ, मग गाव. माणूस खोटी साक्ष देतो हसन, मासा देत नाही." मी मान हलवली. मनात म्हटलं, काय अडाणी लोक आहेत.

आता माझं सांगतो, कारण माझ्या जिवाला तेव्हा एकच घोर होता. माझा धाकटा भाऊ याकूब. अब्बा दर्यात गेले ते होडक्यासकट गेले, मयतसुद्धा मिळालं नाही. आता याकूब सतराव्या वर्षी दुसऱ्यांच्या होड्यांवर जायला लागला होता. अम्माला लिहिता येत नव्हतं, मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची. दर पत्रात तेच. "हसन, दर्याने एक घेतला, दुसरा मी देणार नाही. पावसाआधी त्याला तिकडे ओढ. नाही ओढलास तर मला आई म्हणू नकोस." त्याला आणायला साहेबाच्या सहीची नोकरीची चिठ्ठी लागत होती. मी सांगितलं होतं साहेबाला. तो म्हणाला होता, "देखेगा." चिठ्ठी टाइप होऊन त्याच्या टेबलावर पडली होती, वर कागदाचं वजन ठेवलेलं. मी रोज चहाचा ट्रे ठेवताना सहीची जागा बघायचो. कोरी.

आणि एक दिवस साहेबाने तळ्याकडे बोट दाखवलं. "तुम मच्छीवाला है ना?"

"हां साब."

"ये छोटा मच्छी सब खलास करो. हमारा मच्छी का खाना खा जाएगा. पंद्रह दिन में मेरा मच्छी आता है."

कसं, हे त्याने विचारलं नाही. साहेब लोक कसं हे विचारतच नाहीत. मी म्हटलं, "साब, मेरा भाई का चिठ्ठी..." तो म्हणाला, "पहले तालाब साफ." बस्स. धमकी नाही, आवाज नाही. मला वाटतं त्याला या दोन गोष्टी जोडल्यात हेसुद्धा कळलं नसेल. मला कळलं.

तीन दिवस जाळं टाकलं. हे मासे कपारीत घुसायचे, जाळ्यात पाच-दहा यायचे, बाकीचे मला वाकुल्या दाखवायचे. उबैद वरून बघायचा. त्याला वाटलं साहेबाला नमुने हवेत. त्याने मला मासे कुठे जमतात ते दाखवलंसुद्धा! चौथ्या दिवशी मी दमून गोट्यांवर बसलो आणि शेजारी ही चंदेरी झुडपं हलताना दिसली. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आजोळ आलं. मामू आले, ओटी पसरलेल्या बाया आल्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगतो. आणि त्याच डोळ्यांनी मी झुडपं मोजायला लागलो.

जुम्म्याचा दिवस निवडला. सगळे पुरुष मशिदीत, बाया घरात. मी नमाज चुकवली. एवढ्या आयुष्यात जाणूनबुजून चुकवलेला तो एकच जुम्मा. चार भारे पाला आदल्या दिवशी कापून कपारीत लपवला होता. दगडावर ठेचला, गोणपाटात भरला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून घुसळला. पाणी गढूळ हिरवं झालं आणि खालच्या अंगाला निवळत गेलं. हात कोपरापर्यंत हिरवे. वाळूने घासले, गेले असं मला वाटलं. कॅम्पवर येऊन मी वरणाला फोडणी दिली.

माझा हिशेब सरळ होता. मासे मरतील, मी उचलून पुरून टाकीन, पाण्याला काही होत नाही, गावाला कळणारही नाही. त्या पाण्यात मासे नसणं म्हणजे काय, हा विचारच माझ्या डोक्यात शिरला नाही. रोज बघत होतो मी ते, रोज! खजूर, मासा, ओंजळ. पण आमच्याकडे मासा म्हणजे खायची वस्तू. तो साक्षीदार असतो हे दालद्याच्या पोराला कोण सांगणार, आणि सांगितलं होतं ते मी ऐकलं कुठे होतं?

असरच्या नमाजापर्यंत मी दोन डबे भरून मासे पुरले. त्या संध्याकाळी उबैदने नेहमीसारखी कॉफीला हाक मारली. मी गेलो, त्याच्या हातून पेला घेतला, गप्पा मारल्या. जेवलोसुद्धा.

सकाळी मी मुद्दाम भिंतीपाशी भांडी घासत बसलो होतो. मोझाने खजूर कुस्करून टाकला. पाणी हललं नाही. तिने उरलेला खजूर टाकला. मग बी टाकली. "बाबा, ते झोपलेत," ती म्हणाली. एका कपारीतून माझ्या नजरेतून सुटलेला एक मासा पोट वर करून तरंगत आला आणि तिच्या पायापाशी थांबला. उबैदने तो उचलला, चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बघितला. दगड काढला नाही. मोझाला उचलून तो खाली गावात पळत गेला.

पुढचे सात दिवस मला तारीखवार आठवतात. गावाने पाणी सोडलं. बायका डोक्यावर पखाली घेऊन पलीकडच्या वादीत जायच्या, उन्हं डोक्यावर आली की परतायच्या. एक गरोदर बाई वाटेत बसली ती तिथेच बाळंत झाली. मूल जगलं नाही. बागांना पाणी नाही. शेळ्या तळ्याकडे धावायच्या आणि पोरं त्यांना दगड मारून हाकलायची, रडत. आणि मी? मी कॅम्पच्या टाकीतलं पाणी पीत होतो, टँकरने आलेलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. 'मी केलं, पाला होता, पाणी चांगलं आहे.' सात शब्द होते की आठ, कितीदा मोजले मी. पण बोललो की गाव शेखकडे जाणार, शेख साहेबाला विचारणार, साहेब मला पहिल्या बोटीत बसवणार आणि याकूब दर्यावर. मी मनाशी म्हणायचो, उद्या चिठ्ठीवर सही होईल, मग सांगू. उद्या. इन्शाल्ला.

साहेबाला मी सांगितलं, गाव में पानी का झगडा है साब. तो तळ्यावर वाकून बघत होता. "फर्स्ट क्लास साफ किया," तो म्हणाला. मग गावाबद्दल म्हणाला, "उनका मामला है, हम बीच में नहीं आता."

तिसऱ्या दिवशी उबैदने सगळ्यांसमोर तळ्यातलं पाणी प्यायलं. अरीफचं कामच ते. मोठा कटोरा भरून, एका दमात. सगळे दुपारपर्यंत त्याच्याकडे बघत बसले, मरतो का. मेला नाही. मला वाटलं, चला, सुटलो! पण माणसाची जात बघा. त्याचा चुलतभाऊ उठला, त्याला अरीफ व्हायचं होतं कधीपासून. म्हणाला, "ज्याने विष टाकलं त्यालाच उतारा माहीत असतो." झालं. पाणी पिऊन मेला असता तर शहीद झाला असता. जगला म्हणून गुन्हेगार ठरला.

सातव्या दिवशी मशिदीपुढे बैठक बसली. साहेबाने गावाला चहा-साखर पाठवली होती, ती घेऊन मी तिथे होतो. उबैदने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, मी पाण्यात काही टाकलं नाही. म्हातारे म्हणाले, ठीक. मग कुणी टाकलं? तुला संशय आहे कुणाचा?

त्याने मान वर केली. एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बिचारा आधार शोधतोय. मी त्याला धीर द्यावा म्हणून मान हलवली. त्याने मान खाली घातली.

"बोल, कुणी टाकलं?"

गप्प.

त्या गप्प बसण्यावर निकाल लागला. अरीफचं काम गेलं, पाण्यातली त्याच्या घराची पाळी गेली. पाण्याची पाळी नाही म्हणजे बाग नाही, बाग नाही म्हणजे गाव नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गाढवावर भांडी, चटई आणि बायकोला बसवलं. मोझा चालत होती. कॅम्पवरून जाताना ती मला हात करून हसली आणि ओरडली, "हसन, सुकी मासळी!" मी डोळ्याला धूर लागल्याचं केलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

सॅमन आले ते दोन दिवसांनी. पांढऱ्या खोक्यांत फुगवलेल्या पिशव्या, पिशव्यांत बोटभर पिल्लं, निम्मी मेलेली. जिवंत होती ती साहेबाने स्वतःच्या हाताने, लहान मूल न्हाऊ घालतात तसं, पाण्यात सोडली. चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या कधी बघितला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने माझ्यासमोर सही केली, वजन उचललं आणि कागद माझ्या हातात दिला. "तुम अच्छा आदमी है," तो म्हणाला. मी कागद छातीशी धरून तंबूत गेलो आणि नाचलो. हो, नाचलो. खोटं कशाला बोलू? उबैदला जाऊन तीन दिवस झाले नव्हते.

मग त्या हिवाळ्यात माझं एकच काम. रोज बकऱ्याची कलेजी खिमा करून त्या परदेशी पाहुण्यांना घालायची. चांगले वीतभर झाले ते. चंदेरी, अंगावर काळे ठिपके, दिसायला देखणे. मी दालद्याचा पोरगा, मला मासा आवडतो, पण यांना खायला घालताना मला त्यांची शिसारी यायची. नवा अरीफ, तो चुलतभाऊ, रोज सकाळी खजूर टाकायचा. सॅमन खजुराला तोंड लावत नव्हते. तो तसाच दगड काढायचा. गावाने तेही मान्य केलं. तहान मोठी असते.

मार्च सरला आणि वारा फिरला. पाणी कोमट व्हायला लागलं. सगळे सॅमन झऱ्याच्या तोंडाशी एकावर एक गर्दी करून, तोंड उघडं टाकून उभे राहायचे. साहेब वेडा झाला. दुबईहून लँडरोव्हर भरभरून बर्फाच्या लाद्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. गावातल्या पोरांनी जन्मात बर्फ बघितला नव्हता. ती ओली गोणपाटं चाटायला यायची. साहेबाचा हुकूम होता म्हणून मी काठीने हाकलायचो. एक लादी पाण्यात पडली की साखरेसारखी विरघळून जायची. पंधरा दिवस आम्ही डोंगराला बर्फ घातला.

एप्रिलमध्ये एका दुपारी सगळे वर आले. साहेबाने त्यातला एक अजून हलत होता तो गळाने ओढला, कुकला लोण्यात तळायला सांगितला, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. बाकीचे मी पुरले. जागा तीच, डबेही तेच. महिन्याभरात त्याची बदली झाली. त्याने रिपोर्ट लिहिला, कुकने चोरून वाचला. म्हणे, निष्कर्ष काढता येत नाही. मी काढला होता, पण मला कोण विचारतोय.

याकूब पावसाआधी आला. अम्माने पत्रात लिहिलं, तुझ्यासारखा मुलगा अल्ला सगळ्यांना देवो. चार वर्षांत आम्ही डोंगर सोडून शारजात आलो, खाडीजवळ एक खोली घेतली, गाड्या दुरुस्त करायला लागलो. आज जे वर्कशॉप आहे, नासिरचं ओरडणं आहे, झाराची इंग्लिश शाळा आहे, ते सगळं त्या चिठ्ठीवर उभं आहे. आणि चिठ्ठी कशावर उभी आहे ते मी एकटा जाणतो. याकूब बिचारा गेला, त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एकटा जाणतो म्हणालो, तेही खोटंच. शारजात तेव्हा नळ नव्हता. गाढवावर पत्र्याचे डबे घालून पाणीवाले दारोदार यायचे. एक दिवस दार वाजलं, मी उघडलं. उबैद. दाढी पांढरी, पाठीला बाक, डोळ्यातलं फूल तसंच. पाणी विकत होता. पिढ्यानपिढ्यांचा अरीफ किनाऱ्याचं मचूळ पाणी डब्याने विकत होता!

त्याने मला ओळखलं. सलाम केला. डब्यातून पेला भरला, रिवाजाप्रमाणे आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग माझ्यापुढे धरला. मी प्यायलो. मग विचारलं, "मोझा कशी आहे?"

"अल्लाने दिली, अल्लाने नेली. इकडचं पाणी तिला मानवलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात."

तो माझ्या हातांकडे बघत होता. "आता साफ आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"हात. त्या जुम्म्याला कॉफीचा पेला घेतलास तेव्हा नखांत हिरवं होतं. ते झाड आमच्याकडे शेळीसुद्धा खात नाही."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुराणावर हात ठेवला तेव्हा माहीत होतं. माझ्याकडे बघितलं तेव्हाही. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"तू माझ्या घरी जेवला होतास. पाहुण्याचं नाव मी कसं घेणार?" त्याने पेला माझ्या हातून घेतला, उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं. "ते तुझं काम होतं. सात दिवस वाट बघितली मी, हसन. मला वाटलं, हा बोलेल."

मी दारात उभा. माफ कर म्हणायचं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं. आतून याकूबने साबण लावलेल्या तोंडाने हाक मारली, "भाई, पाणी आलं का?"

"आलं," मी म्हटलं.